स्त्रीरोग-प्रसूतीशास्त्रात एमएस झालं, आता लेबर रूम स्वतःच्या जबाबदारीवर सांभाळायची आहे?

निकाल लागतो, घरी पेढे वाटले जातात आणि महिन्याभरात तुम्ही एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये सीनियर म्हणून उभे असता. कालपर्यंत अवघड केस आली की 'मॅडमना कॉल द्या' म्हणायची सोय होती. आता तो कॉल तुम्हालाच येतो. रात्री अडीच वाजता १०८ मधून बाळंतीण उतरवतात. वार आतच अडकलेली, साडी रक्ताने भिजलेली, नाडी हाताला लागत नाही. सिस्टर, इंटर्न, भूलतज्ज्ञ, दाराशी उभा नवरा, सगळे तुमच्या तोंडाकडे बघत असतात.

स्वतःचं नर्सिंग होम न टाकता रुग्णालयाच्या लेबर रूममध्येच पूर्ण वेळ काम करायचं ज्यांनी ठरवलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी मराठवाड्यातच शिकले आणि बावीस वर्षं इथल्याच लेबर रूममध्ये काम करतेय. रेसिडेन्सीच्या तीन वर्षांत हात तयार होतो. निर्णय घ्यायला आणि टीम चालवायला त्यापुढे आणखी एक वर्ष, जमलं तर दोन, ठरवून द्यावी लागतात. ती बहुतेक जण बाँड, लग्न आणि नोकरीच्या धावपळीत हातची घालवतात.

आधी कामाचं स्वरूप समजून घ्या

अमेरिकेत 1996 मध्ये 'हॉस्पिटलिस्ट' हा शब्द रूढ झाला. ओपीडी न चालवता फक्त भरती रुग्णांना पाहणारा डॉक्टर, असा त्याचा अर्थ. 2003 मध्ये तीच कल्पना प्रसूतीशास्त्रात 'लेबरिस्ट' या नावाने मांडली गेली आणि 2011 मध्ये अशा प्रसूतितज्ज्ञांची स्वतंत्र संघटना उभी राहिली. रेसिडेन्सीनंतर वर्षभराची खास फेलोशिपही तिथे सुरू झाली. तिचा भर प्रसूतीतल्या तातडीच्या प्रसंगांवर, अतिदक्षतेवर, सिम्युलेशनवर आणि रुग्णसुरक्षेवर असतो.

आपल्याकडे हे नाव लावून मिळणारी पदवी नाही, पण काम जुनंच आहे. छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयात, नांदेडच्या विष्णुपुरीत, लातूरला आणि जिल्हा स्त्री रुग्णालयांत चोवीस तास लेबर रूम सांभाळणारी माणसं हेच करत आली आहेत. ते वर्ष आपल्याला स्वतः जुळवावं लागतं, एवढाच फरक. कसं जुळवायचं ते पुढे सांगते.

पहिली पायरी : बाँडचं वर्ष कुठे काढायचं

शासकीय महाविद्यालयातून शिकला असाल तर बाँडची, म्हणजे शिक्षणाच्या बदल्यात शासनाला द्यायची, सेवा आहेच. शिवाय पुढे कधी सहायक प्राध्यापक व्हायचं मनात असेल, तर मान्यताप्राप्त महाविद्यालयात वर्षभराची सीनियर रेसिडेन्सी लागते. एका वर्षात दोन्ही साधत असतील तर तसंच करा.

पण जागा निवडताना घरापासूनचं अंतर आणि क्वार्टर यापलीकडचे प्रश्न विचारा. प्रसूतीसाठी वेगळं एचडीयू (आयसीयूच्या एक पायरी खालचा देखरेख कक्ष) किंवा आयसीयू आहे का? केंद्र सरकारने त्याची मार्गदर्शक तत्त्वं 2016 मध्येच काढली आहेत. ब्लड बँक आवारात आहे की गावात? भूलतज्ज्ञ रात्री रुग्णालयात असतो की घरून येतो? आसपासच्या तालुक्यांतून रेफर झालेल्या बायका इथे पोहोचतात का? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. तुळजापूर-उमरग्याची अवघड केस अनेकदा सोलापूर गाठते, आष्टीची अहिल्यानगर. किनवट-माहूरकडची बाई मात्र तीनेक तासांचा रस्ता करून नांदेडलाच येते. जिथे शेवटची बाई येऊन थांबते, शिकायला तीच जागा. धाराशिव, परभणी, जालना, हिंगोली इथली महाविद्यालयं अलीकडची आहेत. तिथे हाताखाली माणसं कमी असतील, पण एखादी पद्धत पहिल्यापासून बसवायची संधी मिळेल. ज्याला शिकायला वरिष्ठ हवेत त्याने जुनं महाविद्यालय धरावं. ज्याचा हात बसलाय त्याने नवं घ्यायला हरकत नाही.

दुसरी पायरी : वही

दोनशे पानी साधी वही घ्या. डाव्या पानावर लिहा की काय स्वतःच्या हाताने केलंय आणि किती वेळा. उजव्या पानावर लिहा की काय फक्त पाहिलंय. तीन वर्षांत सिझर दोनेकशे झालेले असतात, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असा समज होतो. खरी यादी उजव्या पानावर निघते. पायाळू बाळाची खालून प्रसूती, जुळ्यातलं दुसरं आडवं बाळ, खांदा अडकणं, उलटी झालेली गर्भपिशवी, गुदद्वारापर्यंत फाटलेला पेरिनियम, रक्तस्राव थांबवायला गर्भाशयाला घालायचा बी-लिंच टाका, ओटीपोटातली इंटर्नल इलियॅक धमनी बांधणं, तातडीची हिस्टरेक्टॉमी म्हणजे गर्भाशय काढणं.

माझ्या उजव्या पानावर सगळ्यात वर होतं अडलेल्या बाईचं सिझर. आपल्या भागात हे फार दिसतं. खालच्या ठिकाणी तासन्‌तास कळा देऊन झालेल्या असतात, पूर्ण तोंड उघडलेलं असतं, डोकं खोल रुतलेलं असतं आणि पिशवीचा खालचा भाग कागदासारखा पातळ झालेला असतो. तिथे हात घालून डोकं ओढायला गेलात तर चीर बाजूला फाटत युटेराइन धमनीपर्यंत जाते. 1957 मध्ये मांडलेली पटवर्धन पद्धत अशा वेळी कामाला येते. आधी खांदे, मग धड आणि पाय बाहेर घ्यायचे, डोकं शेवटी अलगद वर येतं. आपल्याच माणसांनी दिलेली ही पद्धत कित्येक रेसिडेंटांनी फक्त व्हायव्हापुरती पाठ केलेली असते. ज्यांचा हात त्यात बसलाय अशा वरिष्ठांच्या शेजारी निदान पाच वेळा उभे राहा, पुढच्या पाच त्यांच्यासमोर स्वतः करा आणि मगच ती डाव्या पानावर घ्या.

इंटर्नल इलियॅकसाठी शरीररचना विभागात जाऊन रीतसर परवानगी मागा. डिसेक्शनच्या टेबलावर युरेटर (मूत्रवाहिनी) कुठून ओलांडतो ते दोन दुपारी शांतपणे पाहिलेलं रक्ताने भरलेल्या पोटात आठवतं. पुस्तकातलं चित्र त्या वेळी आठवत नाही.

तिसरी पायरी : अंगावरून जाणारं रक्त

एकाच गोष्टीवर सगळी ताकद लावायची असेल तर इथे लावा.

प्रसूतीनंतर 500 मिलिलिटर रक्त गेलं की रक्तस्राव म्हणायचा, हे सगळ्यांना पाठ असतं. पण आपल्याकडे येणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन अनेकदा सात-आठच असतं. तिला तीनशेसुद्धा झेपत नाहीत. ऊसतोडीवरून परतलेली बाई असेल तर आणखीच. दसऱ्या-दिवाळीला टोळी कारखान्यावर जाते आणि पाडव्याच्या सुमारास परतते. मधल्या पाच-सहा महिन्यांत तपासणी नाही, लोहाच्या गोळ्या नाहीत आणि पोटुशी असतानाही डोक्यावर मोळ्या. हिस्टरी घेताना 'टोळीवर किती महिने होतात, ताई?' हा प्रश्न नेमाने विचारायला शिका. गर्भारपणातल्या तपासण्यांच्या (एएनसी) कार्डावरच्या रिकाम्या रकान्यांचं कारण त्यात सापडतं.

रक्त डोळ्यांनी मोजू नका. डोळा कायम कमीच सांगतो. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या 80 रुग्णालयांत झालेल्या ई-मोटिव्ह अभ्यासात खुणा असलेली पिशवी बाळंतिणीखाली लावून रक्त मोजलं गेलं. ठरलेली रेषा ओलांडताच सगळे उपचार एकदम सुरू केले. गर्भाशय चोळणं, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाइन, कुठे फाटलंय का ते पाहणं आणि गरज पडताच वरिष्ठांना बोलावणं. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की तीव्र रक्तस्राव, रक्तस्रावासाठी पोट उघडावं लागणं आणि त्यातून मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण 60 टक्क्यांनी घटलं. यातलं एकही औषध नवीन नव्हतं. वेळेवर कळणं आणि सगळं एकाच वेळी करणं, एवढ्याने ते साधलं. आपण मात्र आधी एक, मग दुसरं, मग वाट पाहणं, असं करत राहतो.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड 1 ग्रॅम, शिरेतून, दहा मिनिटांत, आणि प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत. 2017 च्या वूमन ट्रायलमध्ये 20,000 हून जास्त बायका होत्या आणि फायदा दिसला तो लवकर दिलेल्यांमध्ये. गर्भाशय आकसवणाऱ्या औषधांपैकी दमा असेल तर कार्बोप्रोस्ट नाही, बीपी वाढलेलं असेल तर मेथर्जिन नाही, हे झोपेतून उठवलं तरी तोंडात यायला हवं. नाडीच्या ठोक्यांना वरच्या बीपीने भागा. उत्तर 0.9 च्या वर गेलं की बीपी अजून 'नॉर्मल' दिसत असलं तरी कामाला लागा.

गर्भाशयात फुगवून रक्त दाबून धरणारा कंडोम बलून स्वतःच्या हाताने बांधा. कॅथेटर, कंडोम, दोरा, सलाइनचा सेट. दर महिन्याला एकदा, घड्याळ लावून. माझा पहिला बलून बाई टेबलावर असताना सुटला होता, कारण मी तो त्याआधी कधी बांधलाच नव्हता. ती वाचली, पण त्या सहा मिनिटांचा हिशेब माझ्याकडे आजही आहे.

आणि ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये ठेवा, 2 ते 8 अंशांत. मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा त्रेचाळीसवर जातो. लेबर रूमच्या ट्रेमध्ये दिवसभर पडलेल्या ॲम्प्यूलवर भरवसा ठेवू नका.

चौथी पायरी : झटके, दम आणि आयसीयूतले दोन महिने

वर्षातले निदान दोन महिने भूलतज्ज्ञांच्या हाताखाली आयसीयूत काढा. रोटेशन मिळत नसेल तर प्रमुखांना भेटून मागून घ्या. व्हेंटिलेटरची सेटिंग, सेंट्रल लाइन, एबीजी (रक्तातल्या वायूंचा अहवाल) वाचणं, सेप्सिसमध्ये पहिल्या तासात काय करायचं, हे पाहून शिकण्यापेक्षा करून शिका.

झटके घेऊन आलेल्या बाईला मॅग्नेशियम देणं सगळ्यांना येतं. रेफरची चिठ्ठी वाचणं येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातून निघताना दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅमचा पहिला डोस बऱ्याचदा दिलेला असतो. तो पाहिला नाही तर तुम्ही पूर्ण प्रिचार्ड, म्हणजे शिरेतून 4 आणि स्नायूत 10 ग्रॅम, पुन्हा देऊन बसाल. चिठ्ठीवर वेळ नसेल तर आशाताईला विचारा. ती सोबत आलेली असते आणि तिला नक्की आठवतं. बाजारातला 50 टक्क्यांचा 2 मिलिलिटर ॲम्प्यूल म्हणजे 1 ग्रॅम. प्रिचार्डच्या पहिल्या डोसाला चौदा लागतात. ते चौदा, सिरिंजा आणि उतारा म्हणून लागणारं कॅल्शियम ग्लुकोनेट एकाच डब्यात भरून ठेवा. पुढचा प्रत्येक डोस देण्याआधी गुडघ्याचा रिफ्लेक्स, मिनिटाला किमान 16 श्वास आणि चार तासांत किमान 100 मिलिलिटर लघवी पाहा.

सातव्या-आठव्या महिन्यात दम लागून आलेली बाई म्हणजे फक्त ॲनिमिया, असं धरून चालू नका. लहानपणीच्या संधिवाती तापाने आकसलेली मायट्रल झडप आजही आपल्याकडे पहिल्यांदा बाळंतपणातच उघड होते. स्टेथोस्कोप छातीवर ठेवायची सवय स्त्रीरोगतज्ज्ञांची लवकर सुटते, ती सोडू नका. हृदयरोग विभागात आठवडाभर बसून एको पाहायला शिका. अशा बाईला प्रसूतीनंतर सलाइन भरभर चालवलं तर काय होतं, हे तिथेच नीट कळतं.

कोर्स कोणते करावेत

दर जूनमध्ये विद्यार्थी मला सगळ्यात जास्त हेच विचारतात. माझं उत्तर थोडक्यात असतं.

गंभीर गर्भारपण आणि गर्भातल्या बाळाचे आजार यात खोल जायचं असेल तर राष्ट्रीय परीक्षा मंडळाची (एनबीईएमएस) मॅटर्नल अँड फीटल मेडिसिनची एफएनबी ही फेलोशिप. दोन वर्षं, वेगळी प्रवेश परीक्षा, जागा मोजक्या. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या फेलोशिप मान्यताप्राप्त संस्थांमध्ये चालतात. यादी दर वर्षी बदलते, म्हणून अर्ज करण्याआधी त्या संस्थेच्या लेबर रूममध्ये एक रात्र काढून या. फॉग्सी या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या देशपातळीवरच्या संघटनेच्या आयसीओजी शाखेचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम नोकरी सांभाळून होतात. एमआरसीओजी या ब्रिटनच्या सदस्यत्व परीक्षेचे तीन भाग आहेत. तिच्या अभ्यासाने विचारांना शिस्त लागते, हाताचं काम मात्र त्यातून येत नाही. एएलएसओ, प्रॉम्प्ट, एसीएलएस हे तातडीच्या प्रसंगांच्या सरावाचे थोड्या दिवसांचे कोर्स जरूर करा, आणि शक्य असेल तर तुमच्या सिस्टरला आणि भूलतज्ज्ञालाही सोबत न्या. एकट्याने शिकून आलेली ड्रिल एकट्यालाच येते.

नीट-एसएस ही सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा देऊन गायनॅक ऑन्कोलॉजी किंवा रिप्रोडक्टिव्ह मेडिसिनला जाणं चांगलंच, पण तो रस्ता लेबर रूमपासून दूर नेतो. नुसत्या पदवीच्या ओढीने तिकडे वळू नका.

कागद आणि कायदा

गर्भलिंगनिदान बंदी कायद्याचा (पीसीपीएनडीटी) एफ फॉर्म आणि 2021 च्या दुरुस्तीनंतरचे गर्भपाताचे 20 आणि 24 आठवड्यांचे नियम एका दुपारी वाचून होतात. जास्त वेळ द्यायला हवा तो अल्पवयीन मुलींना. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत परभणी आणि बीड जिल्ह्यांत विशीतल्या तरुणींपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. लेबर रूममध्ये सतरा वर्षांची मुलगी येते आणि सासू 'एकोणीसची हाय' म्हणून सांगते. पोक्सो, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली, कळवणं बंधनकारक आहे. ते कसं कळवायचं, कोणत्या नोंदवहीत आणि तिला न घाबरवता, हे रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यातच वैद्यकीय अधीक्षकांकडून समजून घ्या. पोलिसांच्या भीतीने अशी मुलगी रुग्णालयाऐवजी घरीच बाळंत झाली, तर त्याची किंमत तीच मोजते.

मातामृत्यू अन्वेषणाच्या बैठकीला न चुकता बसा, तुमची केस नसली तरी. अगदी काठावरून परतलेल्या बायकांचाही असाच आढावा घेण्याची पद्धत केंद्राने 2014 मध्ये घालून दिली आहे. तिच्यातून जास्त शिकायला मिळतं, कारण तिथे कोणी स्वतःचा बचाव करत नसतं.

नातेवाइकांशी बोलणं हेही प्रशिक्षणच

हे कोणी शिकवत नाही, म्हणून थोडं सविस्तर.

रक्त लागेल म्हटलं की सासू म्हणते, 'पोराचं रक्त काढू नका, कमावतं माणूस आहे.' चिडू नका. 350 मिलिलिटर रक्त दिल्याने तो उद्याही कामाला जाऊ शकतो, हे शांतपणे सांगा. स्वतः रक्तदान करत असाल तर तेही सांगा. मी सांगते, आणि बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं.

पिशवी काढावी लागणार, हे सांगणं त्याहून अवघड. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं कमी वयात काढली गेल्याचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि खासगी रुग्णालयांतल्या अशा शस्त्रक्रियांवर जिल्हा प्रशासनाने निर्बंध आणले. त्यामुळे 'पिशवी काढतो' हे शब्द इथे साधे राहिलेले नाहीत. घरच्यांच्या मनात लगेच फसवणुकीचा संशय येतो आणि त्यांना दोष देता येत नाही. म्हणून वेळ असेल तोवर आधीच सांगून ठेवा : रक्त थांबवायला आधी हे करतोय, मग ते करू, आणि त्यानेही थांबलं नाही तर जीव वाचवायला पिशवी काढावी लागेल. बाई शुद्धीत असेल तर आधी तिला सांगा, मग बाहेर जाऊन नवऱ्याला आणि तिच्या आईला एकत्र. पहिलं बाळंतपण असेल तर माहेरची माणसं हजर असतातच. त्यांना बाजूला ठेवून फक्त सासरशी बोलण्याची चूक मी एकदा केली होती. वाक्य साधं ठेवा, 'एटॉनिक', 'डीआयसी' असले शब्द नकोत, आणि बोलून झाल्यावर दोन मिनिटं तिथेच उभे राहा. प्रश्न त्या दोन मिनिटांत येतात.

रुजू झाल्यावर पहिल्या दिवशी

ओपीडीत बसण्याआधी लेबर रूममध्ये एक चक्कर मारा, सीनियर सिस्टरसोबत. तिथली खरी माहिती तिच्याकडे असते. आणि साफसफाई करणाऱ्या मावशींना नावाने हाक मारायला त्याच दिवसापासून सुरुवात करा. रक्ताची बाटली आणायला धावणार त्याच असतात. इमर्जन्सी ट्रॉलीचा प्रत्येक कप्पा स्वतः उघडा. लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का पाहा. सक्शन चालू करून बघा. ब्लड बँकेत जाऊन रात्रपाळीच्या तंत्रज्ञाला भेटा आणि चार बाटल्या क्रॉसमॅच व्हायला किती मिनिटं लागतात ते विचारा. लेबर रूमपासून ऑपरेशन थिएटरपर्यंत स्ट्रेचर ढकलत न्या आणि वेळ मोजा. लिफ्ट बंद असेल तर दुसरा रस्ता कोणता, तेही.

एका रुग्णालयात माझ्या नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात नाळ खाली आलेली बाई स्ट्रेचरवर होती. माझा हात आत, बाळाचं डोकं वर ढकलून धरलेला, आणि थिएटरला कुलूप. चावी ज्या मामांकडे होती ते चहा प्यायला फाटकाबाहेर गेलेले. अकरा मिनिटं लागली. बाळ रडलं, पण उशिरा रडलं.

चावीची दुसरी प्रत कुठे टांगलेली असते, ते पहिल्याच दिवशी विचारा. नसेल तर त्याच संध्याकाळी करून घ्या.